बिटकॉइनची खाण : हिशेब आधी, यंत्र मागून

पुणे-सोलापूर रस्त्याने निघालात आणि यवत मागे पडले, की भांडगाव लागते. दौंड तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस, गुऱ्हाळे आणि विहिरींवरच्या मोटारी हे नेहमीचे दृश्य. ५ अश्वशक्तीची मोटार तुमच्यापैकी कित्येकांनी स्वतः चालू-बंद केली असेल. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे या मोटारीची शक्ती झाली ३७३० वॅट. आता अशी कल्पना करा, की घरातल्या एका खोलीत बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी अशी एक पेटी ठेवली आहे. ती जवळजवळ तेवढीच, म्हणजे ३५०० वॅट वीज घेते, आणि तीही रात्रंदिवस. पण ती पाणी उपसत नाही की दळण दळत नाही. मग ती करते तरी काय? ती एक संख्या अंदाजाने धरते, जमते का ते पाहते, नाही जमली तर टाकून देते आणि दुसरी धरते. हे ती एका सेकंदात सुमारे २०० लाख कोटी वेळा करते!

हे आहे बिटकॉइनचे खनन करणारे यंत्र. ‘अँटमायनर एस-२१’ या नावाच्या यंत्राचे हे आकडे आहेत. ‘खनन’ किंवा ‘मायनिंग’ हा शब्द मात्र फसवा आहे. खाण म्हटले की जमिनीत काहीतरी पुरलेले आहे, जो जास्त खणेल त्याला जास्त मिळेल, असे चित्र डोळ्यांसमोर येते. येथे तसे मुळीच नाही. ते का नाही, हे एकदा समजले, की या विषयातील निम्मी फसवणूक तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन ओळखू शकाल.

सुरुवात आपल्या ओळखीच्या सातबाऱ्यापासून करू. शेत विकले गेले की फेरफार नोंदवला जातो. ती नोंद कोणी करायची हे ठरलेले असते आणि तिच्यावर सर्वांचा विश्वास असतो, म्हणून तेच शेत दोघांना विकता येत नाही. सातोशी नाकामोतो असे नाव घेतलेल्या, आजवर ओळख न पटलेल्या व्यक्तीने (किंवा गटाने) ऑक्टोबर २००८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यातला प्रश्न साधारण असा होता : तलाठीच नसेल, वहीची एकेक प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असेल, आणि कोणाचाच कोणावर विश्वास नसेल, तर पुढचे पान कोणी लिहायचे? उत्तर असे, की जो एक कंटाळवाणे कोडे सर्वांत आधी सोडवेल त्याने लिहायचे. त्याबद्दल त्याला नवी नाणी मिळतील. ३ जानेवारी २००९ रोजी या वहीचे पहिले पान तयार झाले. पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि साधारण दर १० मिनिटांनी एक पान भरते.

कोडे असे आहे. कोणत्याही मजकुरापासून, मग तो एक शब्द असो वा अख्खे पुस्तक, ठराविक लांबीची एक संख्या काढण्याची एक कृती आहे. तिचे नाव एस.एच.ए.-२५६. तिच्यातून निघणाऱ्या संख्येला ‘हॅश’ म्हणतात. आपण तिला मजकुराचा ‘ठसा’ म्हणू. मजकुरातला एक स्वल्पविराम बदला, सगळा ठसा बदलतो. ठशावरून मागे जाऊन मजकूर काढता येत नाही, आणि कोणता मजकूर घेतला तर कसा ठसा येईल हे आधी सांगताही येत नाही. करून पाहणे एवढाच मार्ग! पानावर एक मोकळी चौकट असते. तिच्यात एकेक संख्या घालत जायचे आणि पानाचा ठसा एका ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान येतो का ते पाहायचे. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा लिहिलेला असतो. त्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड केली, तर त्यानंतरच्या प्रत्येक पानाचे कोडे पुन्हा सोडवावे लागते. वहीची सुरक्षितता आहे ती एवढ्या श्रमात.

हा प्रयोग शाळेच्या साध्या संगणकावर सहज होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पायथॉन भाषेत एस.एच.ए.-२५६ ची सोय तयारच असते. ‘भांडगाव १’, ‘भांडगाव २’, ‘भांडगाव ३’ असे मजकूर घेऊन त्यांचे ठसे काढत चला. ठसा सोळा चिन्हांच्या लिपीत छापला जातो. म्हणून त्याच्या आरंभी एक शून्य येण्याची शक्यता १६ त १. दोन शून्ये हवी असतील तर सरासरी २५६ प्रयत्न, तीनला ४०९६, चारला ६५,५३६ आणि पाचला १०,४८,५७६. प्रत्येक वेळी किती प्रयत्न लागले ते वहीत मांडा. कधी नशिबाने लवकर सापडेल, कधी तिप्पट उशीर होईल; पण वर्गातील चाळीस जणांची सरासरी घेतली, की ती या आकड्यांच्या जवळपास येईल. शिक्षकांना विनंती, की संभाव्यतेचा पाठ शिकवताना नाणेफेकीबरोबर हाही प्रयोग घ्यावा.

आता खऱ्या जाळ्याकडे वळू. २०२५ साली जगातली सर्व खनन-यंत्रे मिळून सेकंदाला सुमारे १ वर एकवीस शून्ये इतके ठसे काढू लागली. दहा मिनिटांत ६०० सेकंद. म्हणजे एका पानासाठी सुमारे ६ वर तेवीस शून्ये इतके प्रयत्न. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो ना? रसायनशास्त्रातील अ‍ॅव्होगॅड्रो संख्या! १८ ग्रॅम पाण्यात जेवढे रेणू, तेवढे अंदाज एका पानासाठी. हा अर्थात निव्वळ योगायोग आहे, पण आकडा लक्षात ठेवायला बरा.

यंत्रे वाढली तर पाने भराभर भरतील, असे तुम्ही म्हणाल. नाही. दर २०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची मर्यादा आपोआप बदलते. पाने लवकर भरली असतील तर कोडे अवघड होते, उशिरा भरली असतील तर सोपे. पानामागे मिळणारी नवी नाणीही ठरलेली. ती आरंभी ५० होती. २०१२ साली २५, २०१६ साली १२.५, २०२० साली ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ झाली. दिवसाची १४४ पाने धरली, तर साऱ्या जगात मिळून रोज १४४ × ३.१२५ = ४५० नवी नाणी. बस्स! म्हणून हे खाणीसारखे नाही, कालव्याच्या आवर्तनासारखे आहे. सुटायचे तेवढेच पाणी सुटणार. ओढणारी शेते वाढली, की प्रत्येकाच्या वाट्याचे कमी होणार.

आपल्या पेटीचा वाटा किती येतो पाहा. तिचा वेग २ वर चौदा शून्ये, जाळ्याचा १ वर एकवीस शून्ये. म्हणजे ५० लाखांत एक. रोज १४४ पाने, तर तिला स्वतःच्या बळावर एक पान मिळायला सरासरी ३४,७०० दिवस, सुमारे ९५ वर्षे लागतील. एवढा धीर कोणाला असणार? म्हणून खनन करणारे एकत्र येतात. याला ‘पूल’ म्हणतात. ऊसतोडीच्या टोळीसारखेच हे आहे : ज्याने जेवढे काम केले त्या प्रमाणात मोबदला. पुलामुळे मिळकत नियमित होते, वाढत मात्र नाही. आपल्या पेटीचा वाटा ४५० भागिले ५० लाख, म्हणजे दिवसाला ०.००००९ नाणे. (पानावरील व्यवहारांची थोडी फी मिळते आणि पूल थोडी फी कापून घेतो, दोन्ही आपण सोडून देऊ.)

हा साधा भागाकार माहीत नसल्यामुळे काय झाले, हे आपल्या पुणे जिल्ह्यानेच पाहिले आहे. २०१५ साली ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना सुरू झाली. आमची खनन-यंत्रे आहेत, तुम्ही आम्हांला बिटकॉइन द्या, आम्ही १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, असे तिचे आश्वासन होते. म्हणजे एका नाण्याची १.८ नाणी. पुण्यात दत्तवाडी व निगडी येथे गुन्हे नोंदले गेले आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या विभागाच्या म्हणण्याप्रमाणे आधीच्या लोकांना नव्या लोकांच्या पैशातून परतावा दिला जात होता, आणि २०१७ साली नवे लोक कमी झाल्यावर बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच कमी किमतीचे नाणे हातावर ठेवण्यात आले.

आता न्यायालयाचे काम न्यायालयावर सोपवून आपण गणिताचे काम करू. २०१६ च्या आरंभी सर्व जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे १ वर अठरा शून्ये होता. २०१८ च्या आरंभी तो सुमारे १५ पट झाला. मधल्या काळात, जुलै २०१६ मध्ये, बक्षीस २५ वरून १२.५ वर, म्हणजे निम्म्यावर आले. तेव्हा जे यंत्र २०१६ च्या आरंभी महिन्याला ०.१ नाणे मिळवत असेल, तेच यंत्र दोन वर्षांनी त्याच्या तिसाव्या भागाइतके, सुमारे ०.००३ नाणे मिळवणार. यंत्रात काही बिघाड नाही, वीजही तेवढीच. वाटेकरी तेवढे वाढले. मग महिन्याला ठराविक दहा टक्के यायचे कोठून? खननातून ठरलेला परतावा देऊ असे कोणी म्हणाले, मग तो नात्यातला असो की गावातला प्रतिष्ठित, तर त्याला एवढेच विचारा : जाळ्याचा वेग दुप्पट झाला, तर तुमचे दहा टक्के कसे टिकतील?

फसवणूक बाजूला ठेवून प्रामाणिकपणे घरी यंत्र लावले तर? घरातले विजेचे बिल काढा. ३.५ किलोवॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २५२०. महावितरणच्या घरगुती बिलात वापर वाढत जाईल तसा वरच्या युनिटांचा दर वाढतो. तरीही सोपेपणासाठी १० रुपये धरू. रोजचा खर्च ८४० रुपये. नाण्याची किंमत समजा ८० लाख रुपये धरली, तर रोजची मिळकत ०.००००९ × ८० लाख = ७२० रुपये. यंत्राची किंमत न धरताच रोज १२० रुपयांचा तोटा. किंमत सुमारे ९३ लाखांच्या वर गेली तर वीज भरून निघेल. पण किंमत चढली, की जगात नवी यंत्रे सुरू होतात आणि वाटा घटतो. नाण्याची किंमत, बिलाचा दर आणि जाळ्याचा वेग हे तिन्ही आकडे त्या त्या दिवसाचे घालून गणित करावे, कालचे उत्तर आज चालत नाही. शिवाय २०२२ च्या एप्रिलपासून आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा मिळत नाही असे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले.

शेतीपंपाची वीज स्वस्त पडते, तिच्यावर चालवले तर? हा प्रश्न मनात येणारच, म्हणून आधीच सांगतो : ज्या कारणासाठी जोडणी दिली आहे त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

पैशाचे झाले, आता माझा विषय. ३५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे सुमारे १५ अँपिअर. घरातल्या मोठ्या सॉकेटची मर्यादा १६ अँपिअर असते, आणि तीही इस्त्री किंवा गीझर थोडा वेळ चालावा म्हणून. वर्षभर अखंड चालण्यासाठी नव्हे. समजा पिन थोडी सैल आहे आणि तेथे केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला आहे. जूलच्या नियमाने तेथे निर्माण होणारी उष्णता १५.२ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे सुमारे २३ वॅट. डाख देण्याची लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते! तशी इस्त्री प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून रात्रभर ठेवण्यासारखेच हे झाले. म्हणून अशा यंत्राला मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे, आणि ते काम परवानाधारक वायरमननेच करावे. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. आणखी एक गंमत पाहा. व्होल्टेज उतरले, की साधा बल्ब कमी विद्युत्‌प्रवाह घेतो. या यंत्रांचा वीजपुरवठा ठरलेली शक्ती ओढणारा असतो, म्हणून व्होल्टेज १९० वर आले तर प्रवाह कमी न होता १८ अँपिअरवर जातो. चांगले यंत्र अशा वेळी स्वतःहून बंद होते. हलक्या वीजपुरवठ्याचे होईलच असे नाही.

गेलेली वीज जाते कोठे? गुऱ्हाळात चुलवाणाखाली चिपाडे जळतात तेव्हा निदान काहिलीत गूळ तरी राहतो. येथे ऊर्जा-अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे जवळजवळ सगळी ३५०० वॅट वीज उष्णता होऊन खोलीत पसरते. वातानुकूलन यंत्राचा ‘एक टन’ म्हणजे सुमारे ३५१७ वॅट. तेव्हा यंत्र बसवले, की एक टनाचा एसी फक्त त्याच्यासाठी हवा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच खोलीत सुमारे ४३ किलोग्रॅम हवा असते. भिंती थोडी उष्णता शोषतात ते सोडून दिले, तर ती हवा दर १२ सेकंदांना १ अंशाने तापेल. वैशाखात बाहेर चाळीस अंश असताना काय होईल ते तुम्हीच पाहा. पंख्यांचा आवाज आणि उसाच्या भागातली धूळ व काजळी हे वेगळेच. माझ्या मते घरगुती जोडणीवर असले मोठे यंत्र लावूच नये.

साऱ्या जगाचा विचार केला तर? सगळी यंत्रे याच कार्यक्षमतेची मानली, तरी जाळ्याला १७,५०० मेगावॅट लागतील. आपला कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा; म्हणजे नऊ कोयना अखंड चालवल्यासारखे. हा खर्च सार्थ आहे की नाही, यावर जाणकारांत वाद आहे. इथेरियम नावाच्या दुसऱ्या चलनाने तर १५ सप्टेंबर २०२२ रोजी खनन पूर्ण बंद करून पाने लिहिण्याची वेगळीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड आणून इथेरियम काढा, असा सल्ला जुन्या माहितीत आढळला तर तो आता निरुपयोगी आहे.

शिकण्यासाठीच करायचे असेल तर मार्ग आहे. ‘बिटअ‍ॅक्स’ नावाची, खुल्या आराखड्याची, तळहाताएवढी यंत्रे मिळतात. १७-१८ वॅट वीज, म्हणजे दोन एलईडी दिव्यांइतकी. दिवसाला अर्ध्या युनिटहूनही कमी. वेग सेकंदाला सुमारे १.२ लाख कोटी. एकट्याने पान मिळवायला तिला सरासरी पंधरा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यातून मिळकत होणार नाही हे धरूनच ते शाळेच्या प्रयोगशाळेत मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावे. तापमान, वेग आणि वीज यांच्या रोज नोंदी घेतल्या, तर एक चांगला विज्ञान-प्रकल्प होईल.

यंत्र लहान असले तरी सुरक्षेचे नियम मोठ्या यंत्राचेच. नवे यंत्र हाती आले, की आधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. तो जगातल्या सगळ्या तशा यंत्रांना एकच असतो. यंत्रातील प्रणाली फक्त निर्मात्याच्या ठिकाणाहूनच घ्या. ‘वेग वीस टक्के वाढवतो’ म्हणून कोणी दिलेल्या प्रणालीत मिळकत गुपचूप दुसरीकडे वळवण्याची सोय असू शकते. यंत्र घरच्या जाळ्याच्या आतच ठेवा, बाहेरून पोहोचता येईल असे दार उघडू नका. पुलाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, आणि मोबदला जाण्याचा पत्ता नोंदवला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. नक्कल करून चिकटवताना पत्ता बदलणारे विषाणू असतात.

पत्ता आणि किल्ली यांतला फरक नीट समजून घ्या. पत्ता म्हणजे बँकेतील खाते क्रमांकासारखा. तो पुलाला द्यायचाच असतो. खासगी किल्ली मात्र म्हणजेच पैसा. ती बहुधा बारा शब्दांच्या रूपात मिळते. २०४८ शब्दांच्या यादीतून हे शब्द निवडलेले असतात आणि त्यांच्या शक्य जोड्या इतक्या, की अंदाजाने किल्ली सापडणे अशक्यच. म्हणून चोर अंदाज करत बसत नाहीत. ते तुमच्याकडूनच ती काढून घेतात. शब्द कागदावर लिहा, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलवर फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप नको, ई-मेल नको. कोणताही पूल किंवा निर्माता हे शब्द कधीही मागत नाही, मागणारा चोरच.

याचेही उदाहरण पुण्यातच आहे. वर सांगितलेल्या प्रकरणांच्या तपासात पोलिसांनी बाहेरच्या दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासासाठी हाती आलेली माहिती वापरून त्यांनी आरोपींच्या खात्यांतील आभासी चलन स्वतःकडे वळवले, असा आरोप आहे. आरोप सिद्ध होवो वा न होवो, तांत्रिक गोष्ट खरीच आहे : ज्याने किल्ली पाहिली तो नाणी हलवू शकतो, आणि एकदा पानावर नोंद झाली, की ती परत फिरवणारा तलाठी येथे नाही.

खनन करायचेच नाही असे ठरवले, तरी हा विषय तुमच्याकडे चालत येऊ शकतो. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून खनन करणाऱ्या प्रणाली असतात. ‘कॉइनहाइव्ह’ ही सेवा २०१७ ते २०१९ या काळात संकेतस्थळांत बसवली जाई आणि नुसते पान उघडले, तरी तुमचा संगणक कोणा दुसऱ्यासाठी राबू लागे. ती बंद झाली, पण ही युक्ती बंद झालेली नाही. शाळेच्या संगणकावर कोणी काम करत नसताना पंखा घोंघावत असेल, मागची जाळी गरम लागत असेल, तर चालू कामांची यादी उघडून प्रोसेसर कोण वापरत आहे ते पाहा आणि शिक्षकांना दाखवा.

शेवटी एक उदाहरण सोडवायला देतो. २०२८ च्या सुमारास बक्षीस पुन्हा निम्मे, म्हणजे पानामागे १.५६२५ नाणे होईल. तेव्हा जाळ्याचा वेग आजच्या दीडपट झाला असे धरा, आणि तीच ३५०० वॅटची पेटी, तोच १० रुपयांचा दर घ्या. वीजखर्च नुसता भरून निघण्यासाठी एका नाण्याची किंमत किती रुपये असावी लागेल? (उत्तर : सुमारे २ कोटी ८० लाख.)